‘सहलीला जा, नाती जुळतील’ हा सल्ला सरसकट देणं थांबवा

आडवाट (धागा सुरू करणारा)

परवा एकाची पोस्ट वाचली. ‘नात्यात दुरावा आलाय? घरात धुसफूस आहे? सगळ्यांना गोळा करा आणि चार दिवस बाहेर पडा. परत याल तेव्हा सगळे एक झालेले असतील.’ खाली ‘अगदी खरं’, ‘मनातलं बोललात’ यांची रांग. तिथंच दोन ओळी लिहून गप्प बसणार होतो, पण हा सल्ला ऐकून घरं कशी विस्कटतात ते जवळून बघितलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

घरात प्रत्येकाला आपापला कोपरा असतो, कामाच्या वेळा असतात, ज्याला टाळायचं त्याला टाळता येतं. बाहेर पडलं की या सगळ्या पळवाटा बंद. एकच गाडी, एकच खोली, झोप अपुरी, पोट बिघडलेलं आणि वर ‘मजा करायचीच’ हा दबाव. ज्यांचं आधीच बिनसलंय त्यांना अशा कोंडीत घातल्यावर प्रेम कुठून उगवणार?

आमच्या घरातलं सांगतो. वडील आणि काका यांच्यात घराच्या वाटणीवरून बिनसलं होतं. बोलणं तुटक, पण लग्नकार्यात समोरासमोर यायचे, तब्येतीची चौकशी व्हायची. आत्याला वाटलं, दोघांना एकदा बाहेर नेलं की गाठ सुटेल. मोठी गाडी ठरवली. पहिल्याच सकाळी काका पुढच्या सीटवर बसले, कारण त्यांचे गुडघे दुखतात. मागून आई हळूच म्हणाली, ‘जे चांगलं ते आधी त्यांना.’ वाक्य सीटबद्दल होतं, पण गाडीत कुणालाही ते तसं ऐकू आलं नाही. काकूंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. तिथून पुढे प्रत्येक गोष्ट मोजली गेली. खोली कुणाची मोठी, कुणासाठी सगळे थांबले, कुणामुळे उशीर झाला. शेवटी काका-काकू मधूनच बस पकडून परतले. आता लग्नकार्यात एक कुटुंब सकाळी येऊन जातं, दुसरं संध्याकाळी. ती सहल झाली नसती तर निदान तब्येतीची चौकशी चालू राहिली असती.

आणि हा फक्त आमचा अनुभव नाही. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञांचा १९५४ चा ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्हचा प्रयोग इथं बऱ्याच जणांना माहीत असेल. शिबिरातल्या ११-१२ वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट, स्पर्धा लावून त्यांच्यात वैर पेटवलं. ते विझवायला आधी काय केलं? दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. म्हणजे त्या पोस्टमधला उपायच. मुलांनी जेवणाच्या टेबलावरून एकमेकांवर अन्न फेकलं.

भटकंती

आडवाट, तुमच्या घरी झालं ते वाईट झालं, पण एका गाडीवरून सगळ्या प्रवासांना दोष देऊ नका.

माझे वडील घरात फार बोलत नसत. हाक मारली तर कधी उत्तर द्यायचे, कधी नाही. आम्ही भावंडं समजून चाललो होतो की त्यांना आमच्यात रस नाही. आईसुद्धा म्हणायची, ‘स्वभावच आहे तो.’ एकदा आम्ही दोघंच रेल्वेनं लांबच्या प्रवासाला निघालो. गाडी ऐनवेळी दुसऱ्या फलाटावर येणार अशी घोषणा झाली. सगळी गर्दी बॅगा उचलून जिन्याकडे पळाली आणि वडील होते तिथंच, रुळांकडे बघत उभे. मी त्यांच्या उजव्या हाताला होतो. मोठ्यानं सांगितलं, ढिम्म हलले नाहीत. पुढून वळसा घालून डाव्या बाजूनं बोललो तेव्हा दचकले आणि म्हणाले, ‘ऐकलं रे, ऐकलं.’ ऐकलं नव्हतं. उजव्या कानानं त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं आणि ते हे सगळ्यांपासून लपवत होते. घरात ते खपून जायचं, कारण हाक कधी येणार, दार कधी वाजणार, कोण काय विचारणार हे त्यांना आधीच ठाऊक असायचं. अनोळखी जागी तो अंदाज चालला नाही.

बाकीचा प्रवासभर मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो आणि ते बोलायला लागले. पहिल्या नोकरीबद्दल, त्यांच्या वडिलांच्या रागाबद्दल, आईशी लग्न ठरलं तेव्हाच्या घालमेलीबद्दल. परत आल्यावर तपासणी झाली, यंत्र आलं. पण आमच्यातलं अंतर कमी झालं ते त्या डब्यात. घरीच बसलो असतो तर मी आजही म्हणत असतो, ‘त्यांना आमच्यात रस नाही.’

शिवाय वेळेचा हिशेब बघा. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा अभ्यास सांगतो की ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात, खऱ्या अर्थानं मित्र म्हणायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. पाच दिवस एकत्र फिरलात आणि रोज १६ तास जागे असलात तर ८० तास होतात. महिन्यातून एकदा दोन तास भेटणाऱ्यांना तेवढे तास जमवायला तीन वर्षांहून जास्त लागतील.

चाळणी

भटकंती, वडिलांचा किस्सा मनाला लागला. पण हॉल यांचा अभ्यास इथं लागू होत नाही. तो नव्या गावात राहायला गेलेल्या प्रौढांचा आणि विद्यापीठात पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांचा आहे. कोऱ्या पाटीवरचे तास वेगळे. काका आणि वडील यांच्यात तासांची कमतरता नव्हती, आयुष्यभराचे तास साठलेले होते.

आणि ‘काय मजा आली होती’ या आठवणींवर मी तरी विश्वास ठेवत नाही. १९९७ मध्ये टेरेन्स मिचेल, ली थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी लोकांना सुट्टीच्या आधी, सुट्टी चालू असताना आणि नंतर असं तिन्ही वेळा विचारलं. त्यात युरोपची सहल होती आणि कॅलिफोर्नियातला तीन आठवड्यांचा सायकल प्रवासही होता. आधीची अपेक्षा आणि नंतरची आठवण, दोन्ही प्रत्यक्ष अनुभवापेक्षा गोड निघाल्या. म्हणजे रस्त्यात सगळे वैतागलेले असतात आणि महिन्याभरानं तेच लोक दुसऱ्यांना सल्ले देतात की फिरून या. ती पोस्ट लिहिणाऱ्यानं हेच केलंय.

भटकंती

मग त्यात वाईट काय? माणसं एकमेकांशी बांधलेली राहतात ती आठवणींनीच. त्या क्षणी पाय दुखत होते की नाही याला दहा वर्षांनी कोण विचारतं? माझ्या मित्रमंडळात अजूनही ‘ती रात्र’ एवढं म्हटलं की सगळे हसतात, आणि त्या रात्री आम्ही पावसात वाट चुकून एकमेकांना शिव्या घालत होतो.

निरभ्र

आडवाट, तुम्ही शेरीफ यांचा प्रयोग अर्धाच सांगितलात आणि उरलेल्या अर्ध्यात तुमचं उत्तर आहे.

एकत्र सिनेमा आणि जेवण यानं काही झालं नाही, बरोबर. मग त्यांनी शिबिराचं पाणी बंद पडेल अशी व्यवस्था केली आणि बिघाड शोधायला दोन्ही गटांना जावं लागलं. नंतर ट्रक सुरू होईना. मुलांनी त्याला दोर बांधला आणि सगळ्यांनी मिळून ओढला. दोर तोच होता, ज्यानं हेच दोन गट एकमेकांविरुद्ध रस्सीखेच खेळले होते. अशा कामांनी वैर उतरत गेलं आणि शिबिराच्या शेवटी बऱ्याच मुलांना एकाच बसनं परतायचं होतं.

तुमच्या काकांना आणि वडिलांना मिळून ओढायला काही नव्हतंच. गाडी ठरवलेली, चालक ठरवलेला, खोल्या ठरलेल्या. दोघांना नुसतं शेजारी बसवून ठेवलं. भटकंतींच्या मित्रांना वाट शोधायची होती, म्हणून शिव्या घालूनही ते जवळ आले. प्रवासानं नाती जुळतात, पण सगळी व्यवस्था आयती ठेवलेल्या प्रवासानं नाही.

चाळणी

त्याच शेरीफ यांनी १९५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात मिडल ग्रोव्ह इथं असाच प्रयोग केला होता आणि तो फसला. मुलांची गट पाडण्याआधीच मैत्री झाली होती. मोठी माणसं आपल्याला एकमेकांविरुद्ध लावून देतायत असा त्यांना संशय आला आणि त्यांनी वैर धरलंच नाही. म्हणजे आधी काय होतं त्यावर सगळं अवलंबून. आडवाट म्हणतात ते हेच.

मधली सुट्टी

तुम्ही लोक कुठल्या सहलींबद्दल बोलताय? आधी सुट्टी मिळते का ते विचारा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पगारी सुट्टीचा पहिला करार १९३६ चा. वर्षभर नोकरी केलेल्याला किमान ६ कामाचे दिवस. १९७० च्या करारात ते ३ आठवडे झाले. आणि अमेरिकेत आजही खासगी नोकरीत पगारी सुट्टी द्यायलाच हवी असा केंद्रीय कायदा नाही. माझा साहेब (कंपनीचं नाव घेत नाही) सुट्टी मंजूर करतो आणि मग रोज सकाळी ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणून फोन करतो. मुलगी आता माझा फोन वाजला की स्वतःच खोलीबाहेर जाते. तिला शिकवावं लागलं नाही. नातं जुळायला आधी माणूस तिथं पूर्ण हजर तर हवा!

संध्याछाया

सगळे प्रतिसाद शांतपणे वाचले. दोर कुणी ओढला, तास किती झाले, सगळं आलं. बॅगा कुणी भरल्या हे एकाही प्रतिसादात नाही.

सासऱ्यांच्या गोळ्या सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. मोठीचा चष्मा आणि तो फुटला तर दुसरा चष्मा. सगळ्यांची ओळखपत्रं एका पाकिटात, त्यांच्या प्रती दुसऱ्या बॅगेत. धाकट्याला गाडी लागते. त्याची गोळी निघण्याआधी द्यायची, त्याला समोर रस्ता दिसेल असं बसवायचं आणि हातात मोबाईल द्यायचा नाही. डोळे स्थिर पडद्यावर आणि कानाच्या आतला भाग सांगतोय की शरीर हलतंय, या गोंधळानंच उलटी होते. हे मी घरात प्रत्येकाला सांगितलं होतं. धाकटा किरकिर करायला लागला आणि नवऱ्यानं त्याला मोबाईल दिला.

घाटात गाडी थांबवावी लागली. थांबलोच आहोत तर म्हणून सगळे उतरून दरी बघायला गेले. मी मागच्या सीटवर गुडघे टेकून ओल्या फडक्यानं सीटच्या शिवणीतली घाण काढत होते. फडकं शिवणीत शिरत नव्हतं म्हणून बोटानं. सासूबाई खिडकीशी येऊन म्हणाल्या, ‘अगं ये ना बाहेर, किती सुंदर आहे!’ त्यांनी अगदी प्रेमानं म्हटलं. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. त्या थांब्यावरचा फोटो घरात दर्शनी भिंतीवर आहे. सगळे आहेत, धाकटासुद्धा हसतोय. मी त्यात नाही आणि आजवर घरातल्या कुणाच्या ते लक्षात आलेलं नाही.

नाती घट्ट झाली म्हणता ना, ती कुणाची, आणि कुणाच्या जिवावर?

परखड

विषय काय, चाललंय काय! कुठलाही धागा उघडा, गाडी शेवटी इथंच येते.

ताई, एवढं सगळं भरायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? विसरलं तर वाटेत विकत मिळतं. आणि आम्ही काय नुसते हात हलवत फिरतो का? आमच्या घरात गाडी मी एकटा चालवतो. मागे सगळे माना टाकून झोपलेले, समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यात, आणि मी स्वतःला चिमटे काढत जागा. चाक पंक्चर झालं तर खाली मी. रस्ता चुकला तर बोलणी मला. तुम्ही फोटोत नाही म्हणता, मीही कुठल्याच फोटोत नाही, कारण फोटो काढणारा मीच असतो. मी कधी त्यावर धागा काढला नाही.

संध्याछाया

गोळ्या वाटेत विकत मिळतात. कुठल्या, किती, आणि कुठल्या गोळीबरोबर कुठली चालत नाही हे वाटेत विकत मिळत नाही.

तुम्ही गाडी चालवता हे कष्टाचंच आहे. पण ते सगळ्यांना दिसतं. मुक्कामी पोचल्यावर ‘दमला असेल, जरा पडू दे त्याला’ असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. तुम्ही पडता तेव्हा बॅगा उघडून टॉवेल कोण काढून देतं? मला आजपर्यंत कुणी ‘पड जरा’ म्हटलेलं नाही. ‘तूसुद्धा मजा कर ना’ असं मात्र सगळे म्हणतात, जणू मीच हट्टानं करत नाहीये.

रातराणी

संध्याछाया, प्रत्येक शब्दाला +१.

परखड, ‘कुणी सांगितलं होतं’ हे वाक्य मीही ऐकून ऐकून थकले. अॅलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंचा २०१९ चा अभ्यास आहे. ३५ जोडप्यांशी बोलून त्यांनी घरातल्या डोक्याच्या कामाचे चार भाग केले. काय लागेल याचा आधी अंदाज घेणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि मग ते नीट होतंय ना यावर लक्ष ठेवणं. निर्णय बहुतेक जोडपी मिळून घेतात. अंदाज घेणं आणि लक्ष ठेवणं हे मात्र जास्त करून बायकांकडे असतं. आमच्याकडे ‘आम्ही दोघांनी मिळून ठिकाण ठरवलं’ याचा अर्थ असा, की मी रात्री जागून दहा जागा बघितल्या, त्यातल्या तीन निवडल्या आणि नवऱ्यानं त्यातल्या एका जागेवर बोट ठेवलं. मग तिथं गरम पाणी आलं नाही तेव्हा तोंड माझ्याकडे वळलं.

परखड

३५ जोडपी म्हणजे जग नव्हे. आणि गरम पाण्यावरून तोंड वळवणारा नवरा तुमचा आहे, त्याचा राग आमच्यावर काढू नका.

रातराणी

माझ्या घरात शिरायचं कारण नाही. मुद्द्यावर उत्तर नसलं की माणूस घरात शिरतो.

निरभ्र

दोघंही जरा दमानं घ्या. विषय भरकटलाय असं मात्र मला वाटत नाही. दोर सगळ्यांनी ओढला तरच वैर उतरतं असं मी वर म्हटलं. संध्याछाया सांगतायत की त्यांच्या घरात दोर एकच माणूस ओढतोय आणि बाकीचे ट्रकमध्ये बसलेत.

हिशेबी

कामाच्या वाटणीवर एवढे प्रतिसाद आले, पैशांचं कुणीच काढत नाही. माझ्या माहितीतल्या मित्रांच्या सहली सगळ्यात जास्त तिथं मोडल्या.

आमच्यातला एक मित्र आमच्यापेक्षा बराच कमी कमवायचा. हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलून दाखवणं बरं दिसत नाही म्हणून कुणी बोलत नव्हतं. मुक्कामाला पोचल्यावर कुणीतरी म्हणालं, आलोच आहोत तर चांगल्या खोल्या घेऊ, थोडेच जास्त पडतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. तो म्हणाला, ‘मला तसंही गाडीत छान झोप लागते, मी गाडीतच झोपतो.’ आम्ही हसलो. आम्हाला वाटलं गंमत करतोय. तो खरंच गाडीत झोपला. सकाळी काचा आतून धुक्यानं भरलेल्या, आणि आम्ही त्याच्या त्या अवताराचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. शेवटी खर्चाची समान वाटणी झाली तेव्हा त्यानं खोलीचेही पैसे निमूट भरले आणि त्यानंतर आमच्याबरोबर तो कधीच कुठं आला नाही. दरवेळी काहीतरी काम निघायचं.

समान वाटणी ऐकायला न्याय्य वाटते. उरी नीझी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये इस्राएलमध्ये केलेला प्रयोग बघा. बिल सगळ्यांत समान वाटायचं असं आधी सांगितलं की लोक जास्त महागाचं मागवतात, आणि आपापलं बिल द्यायचं असलं तर कमी. लोकांना समान वाटणी आवडतही नव्हती. म्हणजे या पद्धतीत खर्च वाढतो, आणि ज्याला परवडत नाही त्याला दुसऱ्यांच्या हौसेचा भुर्दंड बसतो.

परखड

याच्याशी सहमत. पण तुमच्या मित्रानं आधी तोंड उघडायला हवं होतं. परवडत नाही म्हणण्यात लाज कसली?

हिशेबी

ज्याच्यावर ती वेळ येत नाही त्याला असंच वाटतं. चार जणांसमोर, स्वागतकक्षात, किल्ल्या हातात आल्यावर तो काय बोलणार होता? मर्यादा घरून निघायच्या आधी विचारायची असते आणि ती जास्त कमावणाऱ्यांनी विचारायची असते. आम्ही आता निघण्याआधी प्रत्येकाला एकेकट्याला फोन करून आकडा विचारतो आणि सगळ्यात कमी आकडा आला त्यात सहल बसवतो. आकडा कुणाचा ते उघड होत नाही. कुणाला महागाची खोली हवीच असेल तर त्यानं आपल्या पैशानं घ्यावी.

चाळणी

सगळ्यात कमी आकड्यात बसवायचं म्हणजे ज्यांना वर्षातून एकदाच बाहेर पडता येतं त्यांनी कायम कुणाच्या तरी खिशाकडे बघून राहायचं का? मला हे पटत नाही. वेगवेगळ्या लोकांबरोबर वेगवेगळ्या सहली करा.

हिशेबी

करा की. मग ‘सहलीनं मैत्री वाढते’ असं म्हणू नका. सारख्या खिशाच्या लोकांचीच मैत्री वाढते असं म्हणा.

आडवाट

चार कामांत अडकलो होतो, आत्ता सगळं वाचलं.

निरभ्र, दोराचा मुद्दा नाइलाजानं मान्य करतो. आमच्या गाडीत खरंच कुणाला काही करायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं. पण मग तुमचं म्हणणं प्रवासाबद्दल उरतच नाही. आर्थर अॅरन आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा प्रयोग घ्या. जोडप्याचे हातपाय एकमेकांना बांधले, दोघांच्या अंगांमध्ये एक उशी दिली आणि हात न लावता, उशी पडू न देता गाद्यांवरून रांगत पलीकडे जायला सांगितलं. हे सात मिनिटांचं काम. ज्यांनी ते केलं त्यांना आपलं नातं कंटाळवाणं काम केलेल्या जोडप्यांपेक्षा बरं वाटलं. सात मिनिटं, एक उशी, तिकीट नाही, सुट्टी नाही. मिळून काहीतरी नवं आणि अवघड करायचं असेल तर घराला रंग द्या, अंगणात खड्डे खणा. त्यासाठी डोंगरावर जायची गरज नाही.

आणि संध्याछायांचा फोटो वाचल्यावर तर मी आणखीच ठाम झालोय. ती सहल घरातल्या बाकीच्यांच्या हिशेबी यशस्वी आहे. उद्या त्यांच्यापैकीच कुणीतरी पोस्ट लिहील की सहलीनं आमचं घर एकत्र आलं, आणि खाली ‘अगदी खरं’ची रांग लागेल.

भटकंती

सात मिनिटांनी वाटणारी जवळीक किती टिकते? माझ्या वडिलांचा उजवा कान घराला रंग देताना मला कळला नसता. रंगाचा डबा कुठं आहे हे त्यांना माहीत असतं. घरात आपण एकमेकांच्या सवयींशी बोलत असतो. सवयी बंद पडल्यावर माणूस दिसतो आणि त्यासाठी घर सोडावंच लागतं. या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही.

एवढं मात्र मान्य करतो की आम्ही दोघंच होतो, भांडण काही नव्हतं, आणि बॅगा आईनं भरल्या होत्या.

संध्याछाया

शेवटचं वाक्य आवर्जून लिहिलंत, बरं वाटलं.

आडवाट, मी ठाम झाले ती उलट बाजूनं. त्या सहलीच्या पुढच्या वर्षी माझी धाकटी जाऊ म्हणाली, मी येईन, पण कामं आधी वाटायची. मला वाटलं वाद होईल. दिराला सासऱ्यांच्या गोळ्या दिल्या. पूर्ण दिल्या, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी वाचण्यापासून रात्री आठवणीनं देण्यापर्यंत. तो पहिल्या रात्री विसरला. सासऱ्यांनीच उठून त्याला विचारलं. मी ऐकलं आणि मुद्दाम उठले नाही, फार जड गेलं. दुसऱ्या दिवसापासून तो गोळी देताना वडिलांजवळ बसायला लागला आणि बसल्यावर बोलायला लागला. त्या दोघांमध्ये कधी धड बोलणं नव्हतं. म्हणजे सहलीनं नातं जुळलं, हो. पण इतकी वर्षं मीच ती गोळी देत होते, म्हणून त्या दोघांना एकमेकांची गरजच पडत नव्हती.

निरभ्र

हा प्रतिसाद धाग्याच्या वर टाकायला हवा.

आडवाट

वाचला. दीर आणि सासरे यांच्यात वाटणीचा वाद नव्हता एवढंच म्हणेन. ज्यांच्यात खरा तंटा आहे त्यांना ‘फिरून या’ सांगू नका, हे माझं म्हणणं जसंच्या तसं आहे. तंटा ज्या गोष्टीचा आहे त्या गोष्टीवर बसून बोला. ती मिटली तर फिरायला जा, मिटली नाही तर निदान एका गाडीत कोंडू नका.

परखड

मी वर जरा जोरात बोललो. तरी माझं म्हणणं हेच की गाडी चालवणाऱ्याचं काम कुणी मोजत नाही. पण गोळ्यांचं वाचून घरी विचारलं की पुढच्या वेळी माझ्याकडे काय देशील. बायको म्हणाली, मुलांचं सगळं. मी म्हटलं चालेल, फक्त मला एकदा यादी करून दे.

रातराणी

यादी करणं हेच तर काम आहे.

परखड

बरं. यादी मीच करतो. पण मग मी भरीन तसं चालवून घ्यायचं, निघताना बॅग उघडून तपासायची नाही.

संध्याछाया

ही अट रास्त आहे आणि पाळायला सगळ्यात अवघड आहे. ती आम्हाला नको, तुमच्या बायकोला सांगा, आणि निघायच्या आदल्या रात्री नको, आजच सांगा. आणि गाडी? त्यांना चालवता येत असेल तर अर्धा रस्ता त्यांच्याकडे द्या. तेव्हा शेजारी बसून ‘ब्रेक, ब्रेक’ म्हणायचं नाही.